फवारणीनंतर पांढरी माशी वाढली? आधी पंप खाली ठेवा

प्रश्न : कपाशी दोन महिन्यांची आहे. मावा-तुडतुड्यांसाठी सायपरमेथ्रिन या पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकाच्या तीन फवारण्या झाल्या. आता पानाखाली पांढरी माशी भरली आहे. दुकानदार म्हणतो डोस दुप्पट करा, सोबत दुसरे औषध आणि टॉनिक मिसळा. काय करावे?

उत्तर : दुप्पट डोस अजिबात करू नका, मिश्रणही करू नका. ही माशी बाहेरून चालून आलेली नाही, तीन फवारण्यांनी तुम्हीच तिला रान मोकळे करून दिले. अशी शेते मी दर हंगामात पाहतो.

अन्नसाखळी शाळेत शिकलो, पण ती बांधाच्या आत चालते हे पंप खांद्यावर घेतला की विसरतो. पान किडीचे अन्न आणि कीड मित्रकीटकांचे, म्हणजे किडी खाणाऱ्या कीटकांचे. प्रत्येक पायरीला ऊर्जेचा साधारण 10 टक्केच भाग पुढे पोचतो, म्हणून ढालकिडे (लेडीबर्ड), क्रायसोपा (जाळीदार पंखांचा मित्रकीटक), कोळी हे किडीपेक्षा नेहमीच कमी असतात. सायपरमेथ्रिन दोघांनाही मारते. पण वाचलेल्या किडीसाठी पान जागेवरच असते, वाचलेल्या ढालकिड्याला मात्र खायला काही उरत नाही. त्यामुळे कीड आधी सावरते आणि मित्रकीटक मागे पडतात. शिवाय पांढऱ्या माशीची पिल्ले पानाच्या खालच्या बाजूला चिकटून बसतात, वरून मारलेला फवारा तिथे नीट पोचतही नाही.

हे फक्त कपाशीत घडते असे नाही. कॅलिफोर्नियात 1888-89 मध्ये ऑस्ट्रेलियातून ढालकिडा आणून संत्र्यावरचे खवले (फांद्यांना चिकटून रस शोषणारी कीड) आटोक्यात आणले होते. 1940 च्या दशकात डीडीटी हे कीटकनाशक आले, ढालकिडा मेला आणि खवले परत उसळले. भातावरच्या तपकिरी तुडतुड्यानेही हाच धडा दिला. इंडोनेशियाने 1986 मध्ये भातासाठी 57 कीटकनाशके बंद केली ती याचमुळे.

आता शेतात जा. वीस झाडे निवडा, प्रत्येकाची वरचे, मधले, खालचे अशी तीन पाने उलटून मोजा. पानामागे सरासरी 8 ते 10 प्रौढ माश्या किंवा 20 पिल्ले नसतील तर रासायनिक औषध नको. पिवळे चिकट सापळे लावा आणि 5 टक्के निंबोळी अर्क पानाच्या खालून मारा : 5 किलो निंबोळी कुटून रात्रभर भिजवायची, गाळून पाणी 100 लिटर करायचे. फवारणी संध्याकाळीच करा, उन्हात अर्काचा गुण जातो.

ही पातळी ओलांडली असेल तरच डायफेन्थ्युरॉन 50 टक्के हे कीटकनाशक, 10 लिटर पाण्यात 12 ग्रॅम. बाराचे चोवीस करू नका. जास्त डोसाने माशी जास्त मरत नाही, तग धरणारी तेवढी उरते आणि पुढची पिढी तिचीच होते. तेच औषध लागोपाठ मारू नका. मधमाश्या फुलांवर असताना तर मुळीच नको.

मोजताना आणखी एक बघा. मगरीसारख्या आकाराची, काळ्या अंगावर नारिंगी ठिपके असलेली अळी दिसली की लोक ती चिरडतात. ती ढालकिड्याची अळी, मावा खाऊन जगते. फुगलेला, तपकिरी, कोरडा मावा दिसला तर आत परजीवी गांधीलमाशीची अळी वाढते आहे असे समजा. अशा शेतात सायपरमेथ्रिनसारखे पायरेथ्रॉइड मारणे म्हणजे आपलाच राखणदार हाकलणे. युरियाचा जादा हप्ताही थांबवा, लुसलुशीत पानावर रसशोषक किडी हमखास येतात.

पुढच्या हंगामात लागवडीसोबतच कपाशीत चवळीच्या ओळी आणि कडेने मका किंवा ज्वारी टाका. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि सांगत राहीन. चवळीवर आधी मावा येतो, त्यामागे ढालकिडे येतात, आणि कपाशीला गरज पडेल तेव्हा ते शेतातच असतात. चवळीवर मावा दिसला म्हणून तिच्यावर औषध मारू नका, नाहीतर सगळे मुसळ केरात.

सापळ्यांचे अनुदान आणि शेतीशाळेची माहिती सहाय्यक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक) मिळेल. औषध घ्यायला जाल तेव्हा मोजणीचा आकडा आणि औषधाचे नाव कागदावर लिहून न्या. त्या कागदाबाहेरची बाटली, टॉनिक, 'सोबत हेही टाका' म्हणून दिलेली पुडी, काहीही घेऊ नका. दुकानदाराने तुमच्या झाडाचे एकही पान उलटून पाहिलेले नाही. आठ दिवसांनी त्याच पद्धतीने पुन्हा वीस झाडे मोजा, आकडा उतरत असेल तर पंपाला हात लावू नका.