वाडीतल्या कार्यक्रमात गोष्ट सांगायची आहे. पहिल्या मिनिटातच लोक उठून जाऊ नयेत म्हणून सुरुवात कशी करावी?

गावाचं वर्णन करू नका. माडाची बनं, निळा समुद्र, कौलारू घरं, हे ऐकणाऱ्यांच्या दारातच आहे. थेट घडलेल्या गोष्टीपासून सुरू करा: "नारळी पौर्णिमेला सगळ्या होड्या पाण्यात उतरल्या, एक सोडून." ती एक कुणाची, ती का थांबली, हे लगेच सांगायचं नाही. पण फार ताणूही नका, चार-पाच वाक्यांत थोडं तरी हाती लागू द्या. नाहीतर मागच्या रांगेत गजाली, म्हणजे मालवणी गप्पा, सुरू होतात.

खरं तर त्या गजालीच ऐका. "मेलो म्हणत होते तो बाबल्या काल सावंतवाडीच्या बाजारात दिसलो!" यापेक्षा चांगली सुरुवात मला तरी सुचत नाही. माणूस, ठिकाण आणि खटकणारी गोष्ट, तिन्ही एका दमात.

दशावताराचं, म्हणजे कोकणातल्या जत्रेतल्या लोकनाट्याचं, उदाहरण देऊन कुणी म्हणेल की तिथे आख्यानाआधी गणपती, सरस्वती, मग संकासुर असा बराच वेळ जातो, तरी लोक बसतात. बसतात, पण तिथे पखवाज असतो, पायपेटी असते, जत्रेची रात्र असते आणि संकासुराची मालवणीतली थट्टा असते. तुमच्याकडे फक्त आवाज आहे. म्हणून प्रास्ताविक, आभार, "मी काही मोठा वक्ता नाही" वगैरे सगळं गाळा. पहिलं वाक्य पाठ करून जा, बाकीची गोष्ट पाठ नसली तरी चालेल.