सर्दीचा कोरोना आणि कोविडचा कोरोना पेशीत एकाच दाराने शिरतात का?

हो, निदान एक तरी शिरतो. नेदरलँड्समध्ये ७ महिन्यांच्या बाळात सापडलेला एनएल६३ हा सर्दीचा कोरोना (२००४ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली) बहुतेकांना साधी सर्दीच देतो, पण पेशीवर पकडतो ते कोविडवालंच एसीई२ प्रथिन. मला हे फार विलक्षण वाटतं, कारण नुसत्या दारावरून आजाराची तीव्रता ठरत नाही हे त्यातून कळतं.

खरी गंमत चिकटल्यानंतर आहे. विषाणूवरचं काट्यासारखं स्पाइक प्रथिन नेमक्या जागी कापलं गेलं तरच त्याचं आवरण पेशीच्या पटलात मिसळतं आणि आरएनए (त्याचा जनुकीय मजकूर) आत उतरतो. आणि ही कात्री आपल्याच पेशींची असते! कोविडच्या विषाणूत पहिला काप तो जिथे तयार होतो त्याच पेशीत, फ्युरिन या विकराने (एन्झाइमने) बसतो. दुसरा काप नव्या पेशीच्या पृष्ठभागावर टीएमपीआरएसएस२ हे दुसरं विकर देतं. ते नसेल तर पेशी विषाणूला पिशवीत गिळते आणि तिथे कॅथेप्सिन हे विकर तेच काम उरकतं. फुप्फुसाच्या पेशींत हा मागचा रस्ता फारसा चालत नाही, म्हणून हाच रस्ता अडवणारं मलेरियाचं औषध क्लोरोक्विन प्रयोगशाळेतल्या माकडाच्या मूत्रपिंडपेशींत चाललं, फुप्फुसपेशींत नाही.

बाकीच्यांची दारं वेगळी: मर्स या आजाराच्या कोरोनाला डीपीपी४ हे प्रथिन लागतं, सर्दीच्याच २२९ई या कोरोनाला अमिनोपेप्टिडेज-एन.