तळातली बेरीज

प्रश्न : कोथरूडमधल्या आमच्या ३२ फ्लॅटच्या सोसायटीचे १९९६ पासूनचे छापील वार्षिक अहवाल माझ्याकडे आहेत. त्यातले सभासदवार येणे-बाकीचे तक्ते एक्सेलमध्ये हवेत. नावं मराठीत, आकडे इंग्रजीत. स्कॅन केलं, पण उघडतं ते नुसतं चित्र. सगळं पुन्हा टाइप करायचं का?
– एक सेक्रेटरी (नाइलाजाने)

उत्तर : सेक्रेटरीसाहेब, फक्त नावं टाइप करा, तीही एकदाच. ३२ नावं दरवर्षी त्याच क्रमाने येणार. फ्लॅट विकला गेला तेवढी ओळ बदलायची. मशीनकडून मराठी वाचून घेऊन मग काना-मात्रा शोधत बसण्यापेक्षा हे बरं.

आकड्यांचं पान ३०० डीपीआयला स्कॅन करा. पान सपाट हवं, त्यासाठी अहवालाच्या पिना काढाव्या लागल्या तरी काढा. वाकल्या पानावरच्या ओळी एकमेकींत घुसतात. मग चित्र कापून फक्त आकड्यांचे रकाने ठेवा. (थकबाकीदारांची नावं कुठल्या फुकट वेबसाइटवर जात नाहीत, हा वरचा फायदा.) नव्या एक्सेलमध्ये ‘डेटा’खाली ‘फ्रॉम पिक्चर’ आहे, मोबाइलवरच्या एक्सेलमध्येही ही सोय आहे. शंका येईल ते आकडे ते स्वतःच तपासायला लावतं. छळतात त्या, त्याला शंकाच न आलेल्या चुका.

अप्पा बळवंत चौकात माझं डीटीपीचं दुकान होतं, तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या तक्त्यात ‘५००/-’चे ५००१ झाले होते. ‘वरीलप्रमाणे’ म्हणून मारलेल्या दोन बारीक रेघांचे तर चक्क ११!

म्हणून तळाला छापलेली बेरीज तशीच राहू द्या आणि शेजारी आपला ‘सम’ (एक्सेलचं बेरजेचं सूत्र) लावा. ‘सम’चं उत्तरच शून्य आलं, तर आकडे मजकूर म्हणून बसलेत. दोन बेरजांत फरक ५, ५० किंवा ५०० चा असेल, तर आधी ३ चे ८ किंवा ८ चे ३ झालेत का बघा. फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला, तर पैशांआधीचा ठिपका गळून ४५०.०० चे ४५००० झालेत का बघा, नाहीतर कुठेतरी ४५० चे ५४० झालेत. ही अदलाबदल मशीन सहसा करत नाही, दुरुस्ती करताना आपलाच हात करतो.

आणि सगळं तपासूनही जुळलं नाही, तर छापील बेरीजच चुकलेली असू शकते. सहीशिक्क्याच्या पानावरही मला ती दोनदा सापडली आहे. तेव्हा आकडा बदलू नका, शेजारच्या रकान्यात शेरा लिहून पुढच्या वर्षाला लागा.