वाचक विचारतात : गोठ्यातला ताप आणि अंडकोषाची सूज

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं एकाच आजाराभोवती फिरतात. तो आजार म्हणजे ब्रुसेलोसिस. गुराढोरांकडून माणसाला होणारा हा ताप पुरुषांमध्ये कधी कधी वृषणावर उतरतो. लाजेमुळे हे दुखणं लपवलं जातं, म्हणून उत्तरं थोडी सविस्तर दिली आहेत.

प्रश्न : वय ३४, घरी सहा गाई. दीड महिन्यापासून संध्याकाळी ताप येतो, रात्री घामानं अंथरूण भिजतं, कंबर धरते. विडाल तपासणीवरून टायफॉइडचे उपचार झाले. मग डाव्या बाजूची गोटी सुजली. दहा दिवसांच्या गोळ्यांनी उतरली आणि आठवड्यात पुन्हा सुजली. त्याआधी सातव्या महिन्यात गाय गाभडली (गर्भ पडला) होती, अडकलेली वार मी हातानं काढली. याचा संबंध असेल का? गोटी काढावी लागेल का?

उत्तर : संबंध असण्याची शक्यता मोठी आहे. गाभडलेल्या गाईच्या वारेत आणि गर्भजलात ब्रुसेलाचे जंतू प्रचंड संख्येनं असतात. हातावरची लहानशी खरचटदेखील त्यांना पुरते. त्यानंतर साधारण दोन ते चार आठवड्यांत ताप सुरू होतो, क्वचित काही महिनेही लागतात.

सूज उतरून परत का आली, हे नीट समजून घ्या. अंडकोषाच्या सुजेवर तरुणांना बहुधा एक इंजेक्शन आणि दहा दिवस डॉक्सिसायक्लिन देतात, कारण या वयात ती सूज बऱ्याचदा लैंगिक संसर्गाची असते. डॉक्सिसायक्लिन ब्रुसेलावरही चालतं. पण हे जंतू शरीराच्या पांढऱ्या पेशींच्या आत दडून राहतात, तिथून त्यांना काढायला दहा दिवस पुरत नाहीत. जंतू दबतात, माणसाला बरं वाटतं आणि औषध थांबलं की दुखणं पुन्हा डोकं वर काढतं. ‘गोळ्यांनी उतरली, पुन्हा आली’ ही तुमची तक्रारच निदानाचा धागा आहे. आणखी एक खूण अशी की या आजारात लघवीची तपासणी बहुतेकदा स्वच्छ येते आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशीही फारशा वाढत नाहीत. साध्या जंतुसंसर्गात याच्या उलट दिसतं.

डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, ‘घरी जनावरं आहेत, गाय गाभडली होती.’ हे कुणी विचारेल याची वाट पाहू नका. मग रक्ताच्या दोन तपासण्या होतात. ‘रोज बेंगाल’ नावाची चाळणी तपासणी काही मिनिटांत होते. ती पॉझिटिव्ह आली तर ट्यूब अ‍ॅग्लुटिनेशन (एसएटी) करतात. त्यात १:१६० किंवा त्याहून जास्त टायटर (रक्त किती पट विरळ केलं तरी प्रतिपिंडं सापडतात तो आकडा) आणि सोबत लक्षणं असतील तर निदान बळकट होतं. रोज जनावरांत वावरणाऱ्यांच्या रक्तात जुन्या संपर्काचे अंशही सापडतात, म्हणून काही डॉक्टर १:३२० ची वाट पाहतात. एक गफलत मात्र होते. प्रतिपिंडं फार जास्त असली की कमी विरळ केलेल्या नमुन्यात तपासणी खोटी निगेटिव्ह येते. लॅबने नमुना वरपर्यंत विरळ करून पाहायला हवा. ब्लड कल्चर (रक्तातले जंतू लॅबमध्ये वाढवून पाहणं) करायचं असेल तर प्रतिजैविक सुरू होण्याआधी रक्त द्या आणि चिठ्ठीवर ‘ब्रुसेलाचा संशय’ असं लिहायला सांगा. हा जंतू लॅबमधल्या माणसांनाच पटकन गाठतो.

सोबत अंडकोषाची डॉपलर सोनोग्राफी हवीच. त्यात बहुधा वृषणामागची गुंडाळी, म्हणजे अधिवृषण, सुजलेलं आणि रक्तप्रवाह वाढलेला दिसतो. कधी भोवती पाणी साचलेलं असतं. वृषणातच काळपट डाग दिसला की तो गाठीसारखा, अगदी कर्करोगासारखा भासू शकतो. अशा संशयावरून वृषण काढलं आणि नंतर तपासणीत ब्रुसेला निघाला, अशा नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. म्हणून शस्त्रक्रियेआधी ब्रुसेलाची तपासणी आणि एएफपी, बीटा-एचसीजी, एलडीएच हे रक्तातले ट्यूमर मार्कर पाहिलेले बरे. क्षयानेही अधिवृषण असंच सुजतं, त्याचाही विचार आधी व्हायला हवा. ब्रुसेलोसिसच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन हे औषध क्षयावरही चालतं आणि अर्धवट दाबलेला क्षय पुढे भारी पडतो.

वृषण काढावं लागणं हा अपवाद आहे. पू साठला, भाग सडला किंवा पुरेशा औषधानेही सूज हलली नाही, तरच तो निर्णय घेतात. ताप सहसा आठवड्याभरात उतरतो, सूज मात्र काही आठवडे रेंगाळते. तोवर लंगोट किंवा घट्ट जांघियाचा आधार द्या, झोपताना खाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा. पण दुखणं अचानक, तासाभरात असह्य झालं आणि उलट्या सुरू झाल्या तर या लेखाची आठवणही काढू नका. तो वृषणाला पडलेला पीळ असू शकतो आणि सहा तासांच्या आत ऑपरेशन टेबलावर पोहोचणं महत्त्वाचं असतं.

प्रश्न : याच आजारासाठी दोन प्रकारच्या गोळ्या सहा आठवडे लिहून दिल्या आहेत. पंधरा दिवसांतच ठणठणीत वाटतंय. थांबवू का?

उत्तर : नको. डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि रिफॅम्पिसिन ६०० ते ९०० मिलिग्रॅम दिवसातून एकदा, दोन्ही सहा आठवडे, असा हा उपचार असतो. काही डॉक्टर रिफॅम्पिसिनऐवजी स्ट्रेप्टोमायसिनची रोज एक इंजेक्शन दोन ते तीन आठवडे देतात. त्याने आजार उलटण्याचं प्रमाण कमी आढळलं आहे, पण कान आणि मूत्रपिंडं सांभाळावी लागतात. एकच औषध किंवा कमी दिवस, हे आजार उलटण्याचं नेहमीचं कारण.

घेण्याची पद्धतही पाळा. रिफॅम्पिसिन सकाळी रिकाम्या पोटी. त्याने लघवी, घाम नारिंगी होतो, ते रक्त नव्हे. डॉक्सिसायक्लिन पेलाभर पाण्यासोबत घ्या आणि नंतर अर्धा तास आडवे होऊ नका, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून जखम करते. दूध, अँटासिड आणि लोहाच्या गोळ्या यांच्यापासून दोन तास लांब ठेवा. दुधातल्या कॅल्शियममुळे औषध नीट शोषलं जात नाही. उन्हात त्वचा लवकर भाजते, शेतात पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. दारू बंद. मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, रिफॅम्पिसिन त्यांचा असर घटवतं. डोळे पिवळे दिसले तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पाठदुखी सहा आठवड्यांनंतरही राहिली तर मणक्याचा एमआरआय लागतो आणि उपचार सहसा तीन महिन्यांपर्यंत वाढतो.

प्रश्न : लग्नाला वर्ष झालंय. नवऱ्याला हा आजार निघाला. मूल होईल ना? मला लागेल का?

उत्तर : सूज बहुधा एकाच बाजूची असते आणि वेळेत उपचार झाले तर मूल होण्यात सहसा अडथळा येत नाही. आजारात शुक्रजंतूंची संख्या घटते, म्हणून आत्ताच वीर्यतपासणी करून घाबरू नका. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात. गोळ्या संपल्यावर तीन महिन्यांनी तपासा. दोन्ही बाजू सुजल्या असतील किंवा उपचाराला महिनोन्महिने उशीर झाला असेल, तर शुक्रजंतू वाहून नेणारी नळी जखमेच्या वणानं बंद होण्याचा धोका राहतो. अशा वेळी मूत्ररोगतज्ज्ञांना दाखवा.

संबंधातून लागण झाल्याच्या नोंदी आहेत, पण तुरळक. उपचार संपेपर्यंत निरोध वापरा. खरं तर तुम्हाला धोका जास्त आहे तो त्याच गोठ्याचा आणि त्याच दुधाचा. त्यामुळे लक्षणं असोत-नसोत, घरातल्या सगळ्यांनी रक्त तपासून घ्यावं. तुम्हाला दिवस गेले असतील तर ते आधी सांगा. या आजाराने गर्भपात होऊ शकतो आणि गरोदरपणात डॉक्सिसायक्लिन देत नाहीत.

प्रश्न : तालमीत धारोष्ण दूध पितो. उकळलं की ताकद जाते म्हणतात.

उत्तर : ताकद जात नाही, जंतू जातात. दुधातलं प्रथिन आणि कॅल्शियम उकळल्यावरही तिथेच असतं. कोल्हापूरच्या दूध कट्ट्यावरची मजा आम्हाला मान्य, पण म्हैस धडधाकट दिसते म्हणून ती ब्रुसेलामुक्त ठरत नाही. एकदा गाभडलेलं बाधित जनावर पुढच्या वेताला व्यवस्थित विऊनही दुधातून जंतू सोडत राहतं. एक पूर्ण उकळी पुरते. डेंगीत प्लेटलेट वाढाव्यात म्हणून कच्चं शेळीचं दूध देण्याचा प्रकार तर बंदच व्हावा. शेळ्या-मेंढ्यांचा ब्रुसेला माणसाला सर्वांत तीव्र होतो. खरवस वाफेवर आतपर्यंत शिजलेला असेल तर खुशाल खा.

जाता जाता पहिल्या वाचकाच्या गोठ्याबद्दल. ब्रुसेला असलेल्या गाईला औषधोपचार करत नाहीत, तिला वेगळं ठेवावं लागतं. पशुवैद्यकांमार्फत तिचा रक्तनमुना पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवता येतो. पुढच्या वेळी वार काढायला पशुवैद्यकांनाच बोलवा. पडलेली वार आणि गर्भ हातमोजे घालून, चुना टाकून खोल पुरा, कुत्र्यांच्या तोंडी लागू देऊ नका. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आयुष्यात एकदाच ‘एस १९’ लस देतात. गोऱ्ह्यांना ती देत नाहीत, कारण ही जिवंत जंतूंची लस त्यांच्याच वृषणांना सुजवू शकते. लस टोचताना सुई स्वतःला लागली तर जखम साबणानं धुवा आणि ताप येण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. अशा वेळी डॉक्सिसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन हीच दोन औषधं २१ दिवस प्रतिबंधक म्हणून दिली जातात.