बहिणीला मिळालेली भरपाई: कर्ज फेडावं, जमीन घ्यावी की पॉलिसी?

प्रश्न: माझ्या धाकट्या बहिणीवर साडेतीन वर्षांपूर्वी ॲसिड हल्ला झाला. ती आता २६ वर्षांची आहे. सरकारकडून तिला एकूण ७ लाखांची भरपाई मंजूर झाली. सुरुवातीचे ३ लाख उपचारांत गेले. उरलेल्या ४ लाखांपैकी १ लाख बचत खात्यात आले, त्यातले ७० हजार शिल्लक आहेत. बाकीच्या ३ लाखांची तीन वर्षांची मुदत ठेव पुढच्या महिन्यात संपते. खासगी रुग्णालयाच्या बिलासाठी वडिलांनी पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं. त्याचे १ लाख ८० हजार बाकी आहेत; व्याज १४ टक्के, हप्ता ७,१५० रुपये, अजून अडीच वर्षं. दोन शस्त्रक्रिया राहिल्यात, एक सहा महिन्यांनी आणि दुसरी त्यानंतर वर्षभराने. वडील म्हणतात, ठेवीतून कर्ज फेडू. काका म्हणतात, केसचा निकाल उलटा लागला तर सरकार पैसे परत मागेल, त्याआधी भाऊ म्हणून तुझ्या नावावर जमीन घेऊन टाक. ओळखीचे एजंट ३ लाख एकरकमी भरायची दहा वर्षांची विमा पॉलिसी सुचवतात. काय करावं?

उत्तर: काकांच्या भीतीपासून सुरुवात करतो, कारण सगळी घाई तिथूनच आली आहे. ही भरपाई राज्य सरकार देतं, ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५७-ए खाली. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये आहे. आरोपी निर्दोष सुटला, इतकंच काय, आरोपी सापडलाच नाही, तरी पीडित व्यक्तीला भरपाई देण्याची सोय त्यात आहे. पैसे परत करायची वेळ येते ती मुळात दावाच खोटा निघाला तर. तुमच्या बाबतीत तो प्रश्न नाही. तेव्हा पैसे ‘लपवायला’ जमीन घ्यायची काहीच गरज नाही. आणि बहिणीच्या भरपाईतून भावाच्या नावावर सातबारा कशासाठी? तुमच्या मनात वाईट काही नाही हे पत्रावरून कळतं, पण हा पर्याय मी इथेच खोडतो.

पॉलिसीलाही फार वेळ देत नाही. सहा महिन्यांनी शस्त्रक्रिया असलेल्या माणसाने पैसे दहा वर्षं अडकवायचे नसतात. मधेच सरेंडर केली तर तोटा पत्करावा लागतो. एजंट ओळखीचे असले तरी त्यांना नम्रपणे नाही म्हणा.

आता खरा प्रश्न. वडिलांचं गणित चुकीचं नाही. ठेवीवर फार तर ७ टक्के मिळतात आणि कर्जावर १४ टक्के जातात, म्हणजे ठेव ठेवून कर्ज चालवणं तोट्याचंच. पण हिशेब एवढ्यावर थांबत नाही. सगळं कर्ज फेडलं तर बहिणीकडे ठेवीतले १ लाख २० हजार आणि खात्यातले ७० हजार राहतात, आणि समोर दोन शस्त्रक्रिया. पहिलीतच खर्च वाढला तर तुम्ही पुन्हा त्याच पतसंस्थेच्या दारात उभे राहाल. तेव्हा तारण काय देणार?

माझं मत असं: ठेवीतले १ लाखच कर्जात भरा. मुदतीआधी भरल्याबद्दल पतसंस्था काही आकारते का, ते आधी विचारा. आणि एक गोष्ट ठामपणे सांगा, हप्ता कमी करायचा नाही, मुदत कमी करायची. हप्ता ७,१५० च राहिला तर उरलेले ८० हजार साधारण वर्षभरात फिटतात. आज तीस हप्ते बाकी आहेत, ते बारावर येतील. वाचलेल्या अठरा हप्त्यांची रक्कम होते १,२८,७००. ती वडिलांनी दरमहा बहिणीच्या नावच्या आवर्ती ठेवीत टाकायची. अडीच वर्षांनी तिचे १ लाख तिच्याकडे परत येतात, वर २८ हजारांहून अधिक आणि आवर्ती ठेवीचं व्याज. हेच १ लाख ७ टक्क्यांच्या ठेवीत राहिले असते तर तेवढ्या काळात १९ हजारांच्या आसपास व्याज मिळालं असतं. म्हणजे फायदा आहे, पण दहा-पंधरा हजारांचा. एवढ्यासाठी तिची सगळी शिल्लक रिकामी करावी असं मला वाटत नाही.

यात एक अट आहे. कर्ज संपल्यावर हप्त्याचे पैसे खरोखर तिच्या खात्यात जायला हवेत. वडिलांच्या पगार खात्यावर स्टँडिंग इन्स्ट्रक्शन, म्हणजे दरमहा रक्कम आपोआप वळवायची सूचना, आत्ताच लिहून द्या, तारीख पुढची टाका. घरातला माणूस शब्द पाळतो, पण घरखर्च त्याला पाळू देत नाही, हे मी अनेक घरांत पाहिलंय. वडील याला तयार नसतील, तर ठेवीला हात लावू नका. कर्ज चाललंय तसं चालू द्या.

उरलेल्या २ लाखांचे दोन भाग करा. १ लाख सहा महिन्यांच्या ठेवीत, १ लाख दीड वर्षाच्या. शस्त्रक्रियांच्या तारखा हेच इथे वेळापत्रक आहे, व्याजदर नंतर. पोस्टाची मासिक योजना मी सुचवत नाही. पाच वर्षांआधी बाहेर पडलं तर पैसे कापले जातात, आणि पहिल्या वर्षात तर पैसे निघतच नाहीत. खात्यातले ७० हजार आहेत तिथेच असू द्या. कराची चिंता नको. भरपाई हे उत्पन्न नाही. ठेवीचं व्याज करपात्र आहे, पण एवढ्या व्याजावर कर लागणार नाही आणि टीडीएसही कापला जाणार नाही.

पण तुमच्या पत्रातली एक ओळ मला सगळ्यात जास्त खटकली, ती म्हणजे खासगी रुग्णालयाचं बिल. ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांवर सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने मोफत उपचार करायचे असतात. हे संहितेच्या कलम ३५७-सी मध्ये होतं, आता नव्या संहितेच्या ३९७ मध्ये आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये लक्ष्मी या ॲसिड हल्ला पीडितेच्या प्रकरणात खुलासाही केला की यात औषधं, जेवण, खाट आणि पुनर्रचनेच्या शस्त्रक्रिया सगळं येतं. म्हणजे ज्या कर्जाबद्दल तुम्ही विचारताय, ते निघायलाच नको होतं. सगळी बिलं आणि पतसंस्थेची कागदपत्रं घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथे वकील मोफत मिळतो. पुढच्या दोन शस्त्रक्रियांसाठी कलम दाखवूनच दाखल व्हा, आणि पैसे मागितले तर मागणी लेखी घ्या.

त्याच बिलांच्या प्रती सरकारी वकिलांनाही द्या. हल्ला जुन्या दंडसंहितेच्या काळातला आहे. तिच्या कलम ३२६-ए प्रमाणे आरोपीला होणारा दंड उपचारांचा खर्च भागेल इतका असावा लागतो आणि तो पीडितेलाच द्यायचा असतो. फौजदारी प्रक्रिया संहितेचं ३५७-बी सांगतं की सरकारी भरपाई या दंडाव्यतिरिक्त आहे. पण खर्चाचे कागद न्यायालयासमोर नसतील तर दंडाचा आकडा कशावरून ठरणार? सरकारी मदतीचा आकडाही दगडावरची रेघ नाही. परिवर्तन केंद्र या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटलं की ३ लाख ही किमान रक्कम आहे, कमाल नाही, आणि एका पीडितेला १० लाख देण्याचा आदेश दिला. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या (‘नाल्सा’) २०१८ च्या योजनेत चेहरा विद्रूप झाल्यास ७ ते ८ लाख ठरलेत; तुम्हाला मिळालेली रक्कम खालच्या टोकाची आहे. वाढीव मदतीबद्दल प्राधिकरणाच्या वकिलालाच विचारा.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढलंय का, हे पत्रात नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ॲसिड हल्लाग्रस्तांचा स्पष्ट उल्लेख आहे. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त ठरलं तर सरकारी नोकऱ्यांतल्या आरक्षणाचा लाभ मिळतो. २६ वर्षांच्या मुलीसाठी नोकरी ही कुठल्याही ठेवीपेक्षा मोठी मालमत्ता. एखादा कोर्स करायचा असेल तर त्या ७० हजारांतून फी द्यायला मी बिनदिक्कत सांगेन.

आणखी एक. वडील काय म्हणतात, काका काय म्हणतात, एजंट काय म्हणतात, सगळं तुम्ही लिहिलंत. बहीण काय म्हणते ते कुठेच नाही. खातं तिच्या नावावर आहे, पण त्याला मोबाइल नंबर कोणाचा जोडलाय? ओटीपी वडिलांच्या फोनवर येत असेल तर आधी तो बदला. वर लिहिलेलं सगळं तिला वाचायला द्या आणि कर्जात पैसे भरायचे की नाही हे तिला ठरवू द्या. तिचं ‘नाही’ आलं तर माझं गणित बाजूला ठेवा.

बँकेत मात्र याच आठवड्यात जा. काहीच कळवलं नाही तर बहुतेक बँका ठेव त्याच मुदतीसाठी आपोआप पुढे चालू करतात, आणि ही ठेव भरपाई योजनेखालची असल्याने रक्कम सोडण्याआधी प्राधिकरणाचं पत्रही मागू शकतात. बहिणीला सोबत घेऊन जा. सही तिचीच लागेल.