वाचक विचारतात

प्रश्न : रविवारी रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसने निघून सोमवार-मंगळवार मुंबईत आहोत. घारापुरी आणि अलिबागचा कुलाबा किल्ला कसा बसवावा? सोबत सासूबाई आहेत, गुडघेदुखी आहे.
— एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात, म्हणून सोमवार अलिबागला द्या. गेटवेहून मांडव्याला लाँचने साधारण तासभर, पुढे बस. पावसाळ्यात मात्र या लाँच बंद असतात.

किल्ला समुद्रात आहे, पाणी हटलं की चालत जाता येतं; म्हणून सगळं गणित ओहोटीवर. दाते पंचांग आपल्या सोलापूरचंच, घरात असेलच; त्यातली तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते, त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. पंचमीला भरती पावणेचारला, ओहोटी दहाच्या सुमारास. कृष्णपक्षात मोजणी पुन्हा एकपासून. पौर्णिमा-अमावास्येला ओहोटी साडेपाचच्या आसपास येते. तेव्हा जाऊन अंधाराआधी परतणं घाईचं होतं. अष्टमीला वेळ दुपारी बाराची, सोयीची वाटते, पण तेव्हा भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो, पाणी पुरेसं हटत नाही. अशा वेळी चालत न जाता घोडागाडी घ्या. परतताना पाणी चढू लागलं असेल तर धाडस नको. हा नियम ढोबळ आहे, नक्की वेळ किनाऱ्यावर विचाराच.

मंगळवारी घारापुरी, सकाळच्या बोटीने. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी रेल्वे आहे, पण पुढे शंभराहून जास्त पायऱ्या आहेतच. सासूबाईंसाठी डोलीचा दर आधी ठरवा. खाऊची पिशवी उघडी ठेवू नका, माकडं टपलेली असतात.