यादवी युद्ध जिंकल्यावर कम्युनिस्ट सरकार सत्ता पक्की कशी करतं?

तुमचा प्रश्न असा आहे: लढाई जिंकणं वेगळं आणि राज्य चालवणं वेगळं, मग नवं कम्युनिस्ट सरकार एवढ्या मोठ्या देशावर मांड कशी ठोकतं? सगळं बंदुकीच्या धाकावरच चालतं का?

मी इतिहास शिकवतो आणि वर्गात दरवर्षी कोणीतरी हेच विचारतं. मी नेहमी चीनचं उदाहरण घेतो, 1949 ते 1953 या काळातलं. बंदूक होतीच. तिने लाखो जीव घेतले, त्याबद्दल पुढे लिहितोच. पण नुसत्या बंदुकीवर हे जमलं नसतं. पक्षाचे सभासद होते साधारण 45 लाख आणि देशाची लोकसंख्या 54 कोटींच्या आसपास. सभासदांपैकी बहुतेक खेड्यांतले. नळाचं पाणी, ट्राम, बँका, गोद्या यांचा कारभार त्यांनी कधी पाहिलाही नव्हता.

शांघायपासून सुरुवात करतो. मे 1949 च्या शेवटी कम्युनिस्ट सैन्य शहरात शिरलं. सैनिकांना सक्त हुकूम होता, कोणाच्या घरात पाऊल टाकायचं नाही. सकाळी लोकांनी दारं उघडली तर फुटपाथवर ओळीने सैनिक झोपलेले! त्याआधी आलेल्या प्रत्येक फौजेची लूट या शहराने भोगली होती, त्यामुळे ते दृश्य लोकांच्या मनात कायमचं बसलं. जुन्या कचेऱ्यांतल्या कारकुनांना, इंजिनियरांना सांगण्यात आलं की त्याच खुर्चीवर, त्याच पगारावर काम चालू ठेवा. वर लष्करी नियंत्रण समिती बसली, खाली दिवे आणि पाणी चालू राहिलं.

पण लोकांचा विश्वास खरा बसला तो पैशाच्या बाबतीत. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वांत कमी चर्चा होते ती याच गोष्टीची. ऑगस्ट 1948 मध्ये कुओमिन्तांगच्या, म्हणजे यादवी युद्धात हरलेल्या राष्ट्रवादी पक्षाच्या सरकारने 'सुवर्ण युआन' नावाचं नवं चलन काढलं आणि लोकांना घरातलं सोनं-चांदी सरकारजमा करायची सक्ती केली. काही महिन्यांत त्या नोटा मातीमोल झाल्या. ज्या मध्यमवर्गाने सरकारवर विश्वास ठेवून दागिने दिले, तोच धुळीला मिळाला. त्या वर्गाने पुन्हा कुओमिन्तांगचे नेते चँग कै-शेक यांच्याकडे मान वळवून पाहिलं नाही.

नव्या सरकारचं चलन म्हणजे रेन्मिन्बी. ते काढणारी पीपल्स बँक 1 डिसेंबर 1948 ला शिजियाझुआंगमध्ये स्थापन झाली होती. आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी आज ज्या शहरात आहे, तेच हे. सुरुवातीला शांघायचे सट्टेबाज हे चलन घ्यायलाच तयार नव्हते, सगळा व्यवहार चांदीच्या नाण्यांत. 10 जून 1949 ला शेअर बाजाराच्या इमारतीला वेढा घालून दोनशेहून जास्त लोकांना पकडलं. तरी भाव चढतच राहिले, कारण आता साठेबाज तांदूळ आणि सुताकडे वळले होते.

तेव्हा अर्थकारण सांभाळणाऱ्या चेन युन यांनी जे केलं ते बाजार कळणाऱ्या माणसाचं काम होतं. देशभरातून धान्य आणि कापूस मोठ्या शहरांत आणून गोदामं भरली आणि गप्प बसले. व्यापारी कर्ज काढकाढून माल उचलत होते. नोव्हेंबरच्या शेवटी भाव अगदी टोकाला गेल्यावर सगळ्या मोठ्या शहरांत एकदम सरकारी माल बाहेर काढला. त्याच वेळी कर्जं बंद आणि करवसुली कडक. भाव कोसळले, साठेबाज व्याजाखाली दबून बुडाले. दुसरीकडे कामगारांचे पगार आणि बँकेतल्या ठेवी रोजच्या जिनसांच्या भावाशी बांधल्या. शांघायमध्ये तांदूळ, कापड, शेंगदाणा तेल आणि कोळसा यांचा मिळून एक 'एकक' धरायचे आणि त्याचा दर पेपरात छापायचे. तुमचा पगार इतकी एककं. भाव वाढला तर हातात येणारे पैसेही वाढणार. बारा वर्षं महागाईने पिचलेल्या माणसाला यापेक्षा मोठा प्रचार कोणता करणार? 1950 च्या वसंतात भाव स्थिरावले आणि 'हे लोक राज्य चालवू शकतात' हे शत्रूंनाही मान्य करावं लागलं.

राजकारणातही सुरुवातीला हात सैल ठेवला होता. नव्या सरकारच्या सहा उपाध्यक्षांपैकी सुंग चिंगलिंग (प्रजासत्ताकाचे संस्थापक सन यात्सेन यांच्या पत्नी) धरून तीन जण कम्युनिस्ट पक्षाबाहेरचे होते, आणि आठ छोट्या पक्षांनाही जागा दिल्या. निर्णय अर्थातच त्यांच्या हातात नव्हते.

आता खेड्यांकडे येतो, कारण चीन म्हणजे तेव्हा खेडीच. जमीन सुधारणा कायदा 30 जून 1950 चा. सुमारे 30 कोटी शेतकऱ्यांना सुमारे 70 कोटी मू, म्हणजे साडेअकरा कोटी एकरांच्या आसपास जमीन वाटली गेली. एक मू म्हणजे आपले साडेसहा गुंठे. पण नुसते आकडे पाहिले तर मुख्य गोष्ट हातातून निसटते. सरकारला ही जमीन कागदावर हुकूम काढून वाटता आली असती. तसं मुद्दाम केलं नाही.

गावात आधी पक्षाचं एक कार्यपथक यायचं. ते सगळ्यात गरीब घरात उतरायचं, तिथेच जेवायचं, झोपायचं, त्यांच्याबरोबर शेतात राबायचं. रात्री चुलीपाशी एकच प्रश्न, 'कोण कोणाला पोसतं?' हळूहळू कोणाचं मूल दुष्काळात गेलं, कोणाची बैलजोडी व्याजात गेली हे बाहेर यायचं. मग प्रत्येक कुटुंबाचा वर्ग ठरायचा: जमीनदार, श्रीमंत शेतकरी, मध्यम, गरीब, शेतमजूर. यादी भिंतीवर लागायची, हरकती घ्यायच्या, पुन्हा यादी. शेवटी खळ्यावर सभा. जमीनदाराला मध्ये उभं करायचं आणि लोकांनी एकेक करून पुढे येऊन आपलं दुःख त्याच्या तोंडावर बोलून दाखवायचं. या सभांना नावच 'कडू बोलणे' असं होतं. बोलता बोलता हात उठायचे. कित्येक ठिकाणी तो माणूस सभेतून जिवंत परत गेला नाही.

सभेत बोलणाऱ्या गरीब शेतकऱ्याचं दुःख खरं होतं, हे मी मनापासून मानतो. सावकारी आणि खंड काय असतो हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायला नको. पण त्या दुःखाचा केलेला वापर माझ्याने विसरवत नाही. ज्या हाताने सभेत मारलं, त्याच हाताने जमिनीचा दाखला घेतला. उद्या जुने लोक परत आले तर आपली धडगत नाही, हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक होतं. 1946-47 मध्ये कुओमिन्तांगच्या फौजांपाठोपाठ जमीनदारांच्या सशस्त्र टोळ्या गावांत परतल्या होत्या आणि त्यांनी सूड उगवला होता, त्यामुळे ती भीती काल्पनिक नव्हती. सरकारचं टिकणं आणि आपलं टिकणं एकच होऊन बसलं. या मोहिमेत मेलेल्यांचा आकडा बरेच अभ्यासक 10 ते 20 लाख सांगतात. 'जमीनदार' हा शिक्का मात्र बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे गेला. तो पुसला गेला 1979 मध्ये.

ऑक्टोबर 1950 मध्ये चिनी सैन्य कोरियात उतरलं आणि त्याच महिन्यात 'प्रतिक्रांतिकारकां'विरुद्धची मोहीम कडक झाली. युद्धाने निमित्त दिलं. पक्षाचे प्रमुख माओ यांनी तर मारायच्या माणसांचं प्रमाणच घालून दिलं, लोकसंख्येत हजारी एकाच्या आसपास. पुढे सरकारच्याच अंतर्गत अहवालात 7 लाख 12 हजार जणांना मृत्युदंड दिल्याची नोंद आली. यात लुटारू होते, जुने हेर होते, गुप्त पंथांचे पुढारी होते आणि निव्वळ जुन्या हाडवैरापायी नाव दिलेलेही होते. माणसांचा कोटा ठरवला की तो भरलाच जातो.

शहरातल्या व्यापाऱ्यांची पाळी 1952 मध्ये आली. लाचखोरी, करबुडवेगिरी अशा पाच गुन्ह्यांविरुद्धची मोहीम म्हणून 'पंचविरोधी'. दुकानातल्या नोकरानेच मालकाच्या वह्यांवर बोट ठेवायचं. दुकानांची पाच वर्गांत विभागणी आणि त्यानुसार दंड. यांग्त्सीवर बोटींचा मोठा धंदा उभारणाऱ्या लू झुओफू यांनी फेब्रुवारीत आत्महत्या केली. ते तर नव्या सरकारबरोबर काम करायला आपणहून परत आलेले गृहस्थ होते. चार वर्षांनी, 1956 मध्ये, खासगी कारखाने सरकारी भागीदारीत घेतले गेले तेव्हा मालकांनी वाजतगाजत मिरवणुका काढल्या. त्यामागे हा 1952 चा अनुभव होता.

शेतकऱ्याचंही तेच. सरकारी शिक्क्याचा तो दाखला त्याने जपून ठेवला होता, आपण सातबारा ठेवतो तसा. 1953 च्या शेवटी धान्य सरकारलाच ठरलेल्या भावाने विकायची सक्ती आली. 1956 संपेपर्यंत 96 टक्क्यांहून जास्त कुटुंबं सहकारी शेतीत ओढली गेली आणि दाखल्याला अर्थ उरला नाही. तो का लढला नाही, असा तुमचा पुढचा प्रश्न असेल. पण तो कोणाला घेऊन लढणार होता? भावकीची वाडवडिलांपासूनची सामाईक जमीन वाटून टाकल्यामुळे भावकीचे वडीलधारे निष्प्रभ झाले होते. गुप्त पंथ मोडले होते. गावचा सावकार मेला होता आणि तालुक्याचा व्यापारी स्वतःच घाबरलेला. कुओमिन्तांगचा कारभार तालुक्याच्या खाली फारसा कधी उतरलाच नाही. आता मात्र गावात एकच संघटना शिल्लक होती, आणि तिचा सचिव शेजारच्याच घरात राहत होता. बहुधा खळ्यावरच्या त्या सभेत त्याच्याबरोबर उभा असलेलाच.